जळालेल्या ग्रंथाच्या तीन प्रती

पॅरिस, व्हिएन्ना आणि एडिंबरो या तीन शहरांतील ग्रंथालयांत एका लॅटिन ग्रंथाची प्रत्येकी एक प्रत जपून ठेवलेली आहे. 'ख्रिस्ती धर्माची पुनःस्थापना' असा त्याच्या नावाचा अर्थ. पृष्ठे ७३४. इ. स. १५५३ च्या जानेवारीत, ऱ्होन नदीच्या काठी वसलेल्या व्हिएन नावाच्या फ्रेंच गावी हा ग्रंथ गुप्तपणे छापून पूर्ण झाला. एक हजार प्रती निघाल्या असे सर्वसाधारणपणे मानले जाते. त्याच वर्षीच्या २७ ऑक्टोबर रोजी ग्रंथकर्ता जिवंत जाळला गेला आणि त्याच्याबरोबर त्याचा ग्रंथही. त्या हजारांतल्या या तीनच प्रती आज मूळ छापातील म्हणून ज्ञात आहेत.

ग्रंथकर्त्याचे नाव मिगेल सर्व्हेटस. त्याने कोणाचा खून केला नव्हता, राजद्रोह केला नव्हता, देव नाकारला नव्हता. येशू ख्रिस्तावर त्याची पराकाष्ठेची भक्ती होती. त्याने नाकारला होता तो एक सिद्धान्त, आणि तोही धर्मग्रंथात त्या नावाने कोठेही न आलेला.

मराठी ख्रिस्ती वाङ्मयात ज्याला 'त्रैक्य' म्हणतात तो हा सिद्धान्त. देव एकच आहे. परंतु पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा अशा तीन व्यक्तींत तो एक आहे. तिघे परस्परांहून भिन्न, तरी तिघांचे सत्त्व एकच. हे वाचताना आपल्याकडील वाचकास ब्रह्मा, विष्णू, महेश आठवावेत हे स्वाभाविक असले, तरी ती तुलना दिशाभूल करणारी आहे. त्रिमूर्तीच्या कल्पनेत उत्पत्ती, स्थिती व लय अशी कार्यांची वाटणी आहे. ख्रिस्ती विचारवंतांपुढचा पेच निराळा होता. ज्यू धर्माकडून त्यांना कडवा एकेश्वरवाद वारशाने मिळाला होता. आणि क्रुसावर मेलेल्या येशूची तर ते ईश्वर म्हणून उपासना करीत होते. येशू पूर्णतः देव असेल तर देव दोन झाले काय? नसेल तर देव नसलेल्याची उपासना कशी करावी? दोन्हींपैकी काहीच सोडावयाचे नाही, या आग्रहातून त्रैक्याची मांडणी हळूहळू तयार झाली. तिसऱ्या शतकाच्या आरंभी कार्थेजच्या टर्टुलियनने त्यासाठी लॅटिनमध्ये शब्द वापरला, आणि तो पुढे रूढ झाला.

चौथ्या शतकात हा पेच चव्हाट्यावर आला. ईजिप्तमधील अलेक्झांड्रिया येथे अरियस नावाचा धर्मगुरू शिकवू लागला, की पुत्र हा सर्व सृष्टीच्या आधी, परंतु पित्याकडूनच, निर्माण झालेला आहे. म्हणून तो श्रेष्ठ असला तरी पित्याच्या बरोबरीचा नव्हे. बिशप अलेक्झांडरने त्याला धर्मबाह्य ठरविले. वाद पूर्वेकडील सर्व प्रांतांत पसरला. नुकतेच साम्राज्य एकछत्री केलेल्या सम्राट कॉन्स्टन्टाइनला हा कलह परवडणारा नव्हता. त्याने इ. स. ३२५ मध्ये निकाया येथे, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील इझनिक गावी, बिशपांची परिषद बोलाविली. पुत्र हा पित्याशी 'एकसत्त्व' आहे, ग्रीक भाषेत 'होमोऊसिओस', असा निर्णय झाला आणि अरियस हद्दपार झाला.

निर्णय झाला, पण वाद मिटला नाही. पुढील अर्धशतकात एकामागून एक परिषदा भरल्या. काहींना 'एकसत्त्व' शब्द खटके. त्यांनी 'होमोइऊसिओस', म्हणजे 'सदृश सत्त्वाचा', हा शब्द पुढे केला. ग्रीक लिपीत दोहोंत फरक 'आयोटा' या एका अक्षराचा. एका अक्षरासाठी जग भांडले, अशी थट्टा पुढे पुष्कळांनी केली. परंतु 'ध'चा 'मा' झाल्याने काय होते हे मराठी वाचकास सांगावयास नको. निकायाच्या निर्णयाचा खंदा पुरस्कर्ता अथानेसियस याला बदलत्या सम्राटांच्या मर्जीनुसार पाच वेळा परागंदा व्हावे लागले. खुद्द कॉन्स्टन्टाइनने इ. स. ३३७ मध्ये मृत्युशय्येवर बाप्तिस्मा घेतला तो निकोमिडियाच्या युसेबियसकडून, म्हणजे अरियसच्याच एका पाठीराख्याकडून. अखेर इ. स. ३८० मध्ये सम्राट थिओडोसियसने फर्मान काढून त्रैक्याची श्रद्धा प्रजेवर बंधनकारक केली आणि पुढच्याच वर्षी कॉन्स्टन्टिनोपलच्या परिषदेने तिला अंतिम रूप दिले.

येथून या प्रश्नाचे स्वरूपच पालटले. तोवर जो विद्वानांचा आणि बिशपांचा वाद होता, तो आता राजाच्या कायद्याचा विषय झाला. सहाव्या शतकात जस्टिनियनच्या कायदेसंहितेत त्रैक्याचा इन्कार आणि एकदा बाप्तिस्मा झालेल्याला तो पुन्हा देणे हे दोन्ही गुन्हे नोंदले गेले. पूर्वेची व पश्चिमेची चर्च पुढे दुरावली. पवित्र आत्मा केवळ पित्यापासून निघतो की पुत्रापासूनही, हा तंटा त्या दुराव्याच्या कारणांपैकी एक. परंतु त्रैक्य स्वतः मात्र हजारभर वर्षे दोन्हीकडे जवळजवळ निर्विवाद राहिले. सोळाव्या शतकात लूथरने आणि त्याच्यामागून इतरांनी रोमच्या पोपची सत्ता झुगारली, तीर्थयात्रा, पापक्षमापत्रे, संतपूजा यांवर कोरडे ओढले. पण त्रैक्याला हात लावला नाही. त्या बाबतीत पोप आणि लूथर एकाच बाजूस होते.

सर्व्हेटसने हात लावला. इ. स. १५११ च्या सुमारास स्पेनमधील अरागॉन प्रांतात, व्हिल्यानुएव्हा दे सिहेना या खेड्यात त्याचा जन्म झाला. वडील नोटरी होते. त्याच्या जन्माच्या वीसच वर्षे आधी, १४९२ मध्ये, स्पेनमधून ज्यूंना देशत्याग करावा लागला होता, आणि ग्रॅनडाचे शेवटचे मुस्लिम राज्य लयाला गेले होते. धर्मांतर करून मागे राहिलेल्यांवर इन्क्विझिशनची नजर होती. ज्यू आणि मुसलमान यांच्या दृष्टीने ख्रिस्ती धर्मातील सर्वांत अग्राह्य गोष्ट म्हणजे हे तीन-एक. स्पेनमध्ये वाढलेल्या बुद्धिमान तरुणाच्या मनात हा प्रश्न रुजावा यात नवल नाही.

तूलूझ येथे कायद्याचा अभ्यास करीत असताना त्याने बायबल मुळापासून वाचले. त्याला त्यात येशू भेटला. परंतु 'एक सत्त्व, तीन व्यक्ती' ही परिभाषा भेटली नाही. १५३१ मध्ये, विशीच्या आसपास असताना, त्याने हागेनाऊ येथे 'त्रैक्यविषयक प्रमाद' या अर्थाच्या नावाचे पुस्तक छापविले आणि त्यावर स्वतःचे नाव घातले. हे धाडस होते, आणि थोडा अजाणपणाही. पुस्तकाने बासेल आणि स्ट्रासबुर्ग येथील सुधारक मंडळीच आधी भडकली. रोमन कॅथलिक आणि प्रोटेस्टंट अशा दोन्ही मुलखांत पाय ठेवावयास जागा न उरल्याने सर्व्हेटस नाहीसा झाला, आणि काही काळाने फ्रान्समध्ये मिशेल द व्हिलनव्ह नावाचा एक हुशार गृहस्थ वावरू लागला. हे नाव त्याने आपल्या जन्मगावावरून घेतले होते.

या टोपणनावाखाली त्याने वीस वर्षे काढली. लियोंच्या मुद्रकाकडे टॉलेमीच्या भूगोलाची आवृत्ती संपादित केली. पॅरिसमध्ये वैद्यक शिकला. शरीरशास्त्राचा पुढे जगप्रसिद्ध झालेला वेसेलियस त्याच काळात तेथे होता. औषधी पाकांवर एक पुस्तक लिहिले. शेवटी व्हिएनच्या आर्चबिशपचा वैद्य म्हणून त्याच गावी स्थिरावला. मान होता, प्राप्ती होती, शांतता होती. गप्प बसता तर तो म्हातारा होऊन अंथरुणावर मेला असता.

तो गप्प बसला नाही. १५४६ च्या सुमारास त्याने जिनीव्हाचा धर्मनेता जॉन कॅल्व्हिन याच्याशी पत्रव्यवहार आरंभिला. कॅल्व्हिनने उत्तरादाखल आपला मुख्य ग्रंथ पाठविला, तर सर्व्हेटसने त्याच्या समासांत खंडन लिहून तो परत केला. विद्वानाचा याहून मोठा अपमान कोणता? कॅल्व्हिनने त्याच वर्षी आपल्या एका स्नेह्याला लिहून ठेवले, की हा मनुष्य जिनीव्हात आला आणि आपला येथे काही अधिकार चालला, तर तो जिवंत परत जाणार नाही. हे पत्र उपलब्ध आहे. कॅल्व्हिनच्या चाहत्यांची त्यावरून आजवर कुचंबणा होत आलेली आहे.

१५५३ च्या ग्रंथात सर्व्हेटसने आपली पूर्ण भूमिका मांडली. येशू हा सनातन देवाचा पुत्र होय, हे त्यास मान्य होते. 'सनातन पुत्र' मात्र मान्य नव्हते, कारण पुत्रत्वाला आरंभ आहे असे त्याचे मत होते. निकायाच्या परिषदेपासून ख्रिस्ती धर्म बिघडला, असे तो म्हणे. अर्भकांना बाप्तिस्मा देण्यासही त्याचा विरोध होता. याच ग्रंथात पवित्र आत्म्याचे विवेचन करताना दैवी चैतन्य मनुष्यदेहात कसे शिरते हे सांगण्याच्या ओघात या वैद्याने लिहून टाकले, की हृदयाच्या उजव्या कप्प्यातील रक्त मधल्या पडद्यातून डावीकडे जात नाही, तर फुप्फुसांतून फिरून, तेथे हवेशी मिसळून, डावीकडे येते. फुप्फुसातील रक्ताभिसरणाचे हे युरोपात छापले गेलेले पहिले वर्णन. तेराव्या शतकातील अरब वैद्य इब्न अल-नफीस याने ते आधीच ओळखले होते. हार्वेचा ग्रंथ येण्यास अजून पाऊणशे वर्षे होती. वैद्यकातील एवढा मोठा शोध धर्मशास्त्राच्या पुस्तकात पडून राहिला आणि त्या पुस्तकाबरोबरच नाहीसा झाला. त्याकडे विद्वानांचे लक्ष गेले ते सतराव्या शतकाच्या अखेरीस.

ग्रंथावर लेखकाचे नाव नव्हते. शेवटी तीन आद्याक्षरे तेवढी होती. भांडे फुटले ते जिनीव्हातून. तेथील एका प्रोटेस्टंट गृहस्थाने लियोंमधील आपल्या कॅथलिक नातेवाइकाला पत्र लिहून कळविले, की तुम्ही पाखंड्यांना जाळता म्हणून मिरविता, आणि तुमच्याच आर्चबिशपच्या छायेत हा मनुष्य राहतो. पुराव्यादाखल ग्रंथाची पहिली काही पाने जोडली होती. नंतर सर्व्हेटसने कॅल्व्हिनला लिहिलेली खाजगी पत्रेही पाठविण्यात आली. ती कॅल्व्हिननेच, मनात नसताना का होईना, दिली होती. अशा रीतीने प्रोटेस्टंट पुढाऱ्याने दिलेल्या पुराव्यावर कॅथलिक इन्क्विझिशनने त्यास पकडले. ७ एप्रिलच्या पहाटे सर्व्हेटसने कैदखान्याच्या अधिकाऱ्याकडून बागेत जाण्यासाठी किल्ली मागून घेतली आणि भिंत उतरून पसार झाला. जूनमध्ये व्हिएन येथे त्याचा पुतळा आणि सापडलेल्या प्रतींचे गठ्ठे जाळण्यात आले.

इटलीकडे निघालेला हा फरारी वाटेत जिनीव्हातच का थांबला, याचे समाधानकारक उत्तर कोणी देऊ शकलेले नाही. १३ ऑगस्ट रोजी तो तेथील चर्चमध्ये प्रवचनास बसला असताना ओळखला गेला. खटला अडीच महिने चालला. येथे एक गोष्ट न्याय्यपणे सांगितली पाहिजे. कॅल्व्हिन तेव्हा जिनीव्हाचा नागरिकही नव्हता; शिक्षा दिली ती नगरसभेने, आणि त्या सभेत त्याचे विरोधक प्रबळ होते. सभेने झूरिक, बर्न, बासेल व शाफहाउजेन येथील चर्चचे मत मागविले. चौघांनीही सर्व्हेटसला दोषी ठरविले. जाळण्याऐवजी शिरच्छेद व्हावा अशी कॅल्व्हिनची विनंती होती, ती अमान्य झाली. तथापि आरोपांची यादी त्याची होती, युक्तिवाद त्याचे होते, आणि मृत्युदंड त्यास हवा होता. निकालपत्रात मुद्दे उरले ते दोनच: त्रैक्याचा इन्कार आणि बालबाप्तिस्म्याला विरोध. जस्टिनियनच्या संहितेतील जुन्या गुन्ह्यांचीच ही जोडी होती.

२७ ऑक्टोबरला शांपेलच्या टेकडीवर त्यास नेले. कॅल्व्हिनचा सहकारी फारेल वाटेत त्याच्याबरोबर चालत होता आणि चूक कबूल करण्यास विनवीत होता. ज्वाळांतून सर्व्हेटसने येशूचा धावा केला, तो 'सनातन देवाचा पुत्र' असा. 'देवाचा सनातन पुत्र' असे तो म्हणता, विशेषणाची जागा बदलता, तर त्याची श्रद्धा शुद्ध ठरली असती. मरतानाही त्याने तो शब्द हलविला नाही, हे पाहणाऱ्यांच्या ध्यानात राहिले.

यावर प्रोटेस्टंट जगतातूनच पहिला निषेध उमटला. बासेलमध्ये ग्रीक शिकविणाऱ्या सेबास्टियन कास्तेलियोने १५५४ मध्ये पाखंड्यांना शासन करावे काय या विषयावर टोपणनावाने ग्रंथ काढला. त्याच्या लिखाणाचा रोख असा, की माणूस जाळल्याने सिद्धान्ताचे रक्षण होत नाही, माणूस तेवढा मरतो. कास्तेलियो सर्व्हेटसच्या मतांचा नव्हता. म्हणूनच त्याचा निषेध अधिक मोलाचा.

त्रैक्य न मानणाऱ्यांना पहिला अधिकृत आसरा मिळाला तो ट्रान्सिल्व्हानियात. १५६८ मध्ये तोर्डा येथील सभेने धर्मोपदेशकांना आपापल्या समजुतीप्रमाणे उपदेश करण्याची मुभा दिली. तेथील राजा यानोश झिगमोंड स्वतः एकेश्वरवादी झाला. त्याचा धर्मोपदेशक दाविद फेरेंत्स मात्र पुढच्या राजवटीत १५७९ साली देवा येथील किल्ल्यात कैदेत मेला. पोलंडमधील याच मताच्या पंथाला १६५८ च्या आदेशाने देशत्याग करावा लागला. इंग्लंडमध्ये 'युनिटेरियन' म्हणविणाऱ्यांवरील कायदेशीर बंधने उठली ती १८१३ मध्ये.

यानंतर सातच वर्षांनी हाच वाद हिंदुस्थानात उपस्थित झाला. राममोहन रॉय यांनी १८२० मध्ये कलकत्त्यास येशूच्या नीतिवचनांचा संग्रह प्रसिद्ध केला. चमत्कार व देवत्वविषयक भाग त्यांनी गाळला होता. सेरामपूरचे बॅप्टिस्ट मिशनरी जोशुआ मार्शमन यांनी टीका केली, तेव्हा राममोहनांनी मूळ हिब्रू आणि ग्रीक वचने घेऊन उत्तरे दिली. त्यांच्या सहवासात विल्यम अ‍ॅडम हे मिशनरी स्वतःच त्रैक्य सोडून बसले. 'आदमाचे दुसरे पतन' अशी त्यावर कलकत्त्यातील गोऱ्या मंडळींनी कोटी केली. बॅप्टिस्ट छापखान्याने राममोहनांचे शेवटचे उत्तर छापण्याचे नाकारले, तेव्हा त्यांनी स्वतःचा छापखाना उभारून ते १८२३ मध्ये काढले. कोणी कोणास जाळले नाही. हरकत छापण्यापुरती राहिली.

मराठी मुलखाशी या परंपरेचा संबंध प्रार्थना समाजामार्फत येतो. जमखंडीस जन्मलेले आणि विद्यार्थिदशेत बडोद्याच्या सयाजीराव महाराजांचे साहाय्य लाभलेले विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, ते इंग्लंडमधील युनिटेरियनांच्या शिष्यवृत्तीवर. दोन वर्षे त्यांनी तेथे तौलनिक धर्माचा अभ्यास केला आणि १९०३ च्या सप्टेंबरात अ‍ॅम्स्टरडॅमच्या उदार धर्म परिषदेत निबंध वाचला. त्याच वर्षी, दहनास साडेतीनशे वर्षे झाली म्हणून, शांपेल येथे कॅल्व्हिनच्या अनुयायांनी प्रायश्चित्ताची एक शिळा उभारली. त्या शिळेवर कॅल्व्हिनविषयी आदर आहे, त्याची चूक त्याच्या शतकाची होती असे म्हटले आहे, आणि सदसद्विवेकाच्या स्वातंत्र्यावर निष्ठा व्यक्त केली आहे. सर्व्हेटसचा पुतळा उभारण्यास मात्र जिनीव्हाने नकार दिला. तो १९०८ मध्ये सरहद्दीपलीकडे आनमास या फ्रेंच गावी बसविला गेला, दुसऱ्या महायुद्धात व्हिशी राजवटीने उतरवून वितळविला, १९६० मध्ये पुन्हा उभा राहिला. आणि त्याच पुतळ्याची प्रत जिनीव्हात आली ती २०११ मध्ये.

आता त्या तीन प्रतींकडे वळावयास हरकत नाही. व्हिएन्नाची प्रत सतराव्या शतकात लंडनमध्ये एका ट्रान्सिल्व्हानियन युनिटेरियनाच्या हाती लागली. त्याने ती मायदेशी नेली आणि पुढे ती सम्राट दुसऱ्या जोसेफला नजर करण्यात आली. तिच्यावरून १७९० मध्ये न्यूरेंबर्ग येथे मूळ बरहुकूम, पानास पान जुळवून, पुनर्मुद्रण निघाले. त्याआधी लंडनमध्ये रिचर्ड मीड या ग्रंथप्रेमी वैद्याने १७२३ मध्ये पुनर्मुद्रणाचा घाट घातला होता. तेव्हा बिशपच्या सांगण्यावरून छापलेले कागद जप्त करून जाळण्यात आले. एकाच ग्रंथाचे हे दुसरे दहन, आणि तेही न्यूटनच्या हयातीत, त्याच्याच शहरात. न्यूटनही मनातून त्रैक्य मानीत नव्हता, हे त्याच्या अप्रकाशित टिपणांतून पुढे उघड झाले.

एडिंबरोच्या प्रतीला मुखपृष्ठ नाही. पहिली सोळा पाने फाटलेली असून त्यांच्या जागी हाताने लिहिलेली पाने जोडलेली आहेत. जिनीव्हातून लियोंला पुराव्यादाखल गेली ती हीच पाने असावीत, आणि प्रत खुद्द कॅल्व्हिनची असावी, असा तर्क काही अभ्यासकांनी केला आहे. तर्क मोहक आहे, पण सिद्ध झालेला नाही.

पॅरिसची प्रत फिर्यादी पक्षाची. तिच्यावर जेर्मेन कोलादों याचे नाव आहे. सर्व्हेटसविरुद्धच्या खटल्यात फिर्यादीची बाजू मांडणारा हा वकील, आणि आक्षेपार्ह वाक्यांखाली रेघा ओढलेल्या आहेत. पुढे ही प्रत मीडच्या संग्रहात होती. तेथून फ्रेंच संग्राहकांच्या हातांतून फिरत अठराव्या शतकाच्या अखेरीस राजाच्या ग्रंथालयात दाखल झाली. तिच्या काही पानांवर तपकिरी डाग आहेत. ही प्रत प्रत्यक्ष चितेतून ओढून काढलेली, असे बरीच वर्षे सांगितले जाई. नंतरच्या काळात पाने बारकाईने तपासली गेली, तेव्हा ते डाग आगीचे नसून दमट हवेचे असल्याचे दिसून आले.